पांजरपोळ कोणाचा?

सुरतेहून आमच्या एका जुन्या वाचकाचे पत्र आले आहे. हे गृहस्थ मूळचे आमच्याच बाजूचे. गेली अनेक वर्षे ते कुटुंबासह उधना भागात राहतात व तेथील एका कापड गिरणीत नोकरी करतात. घरची खुशाली, थोरल्या मुलाची परीक्षा, पत्नीचे गुडघ्याचे दुखणे हे सर्व लिहून झाल्यावर अखेरच्या पानावर त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. तो आम्ही येथे देतो, कारण आजच्या लेखाचे मूळ त्यातच आहे.

त्यांच्या गल्लीत एक भाकड गाय फिरत असे. दूध आटले तेव्हा मालकाने तिचे दावे सोडले, ते पुन्हा बांधलेच नाही. गल्लीतली मुले तिला भाकरीचे तुकडे देत, बायका भाजीचे देठ टाकीत. उरलेले पोट ती उकिरड्यावर भरी. एके दिवशी सकाळी महानगरपालिकेची गाडी आली, चार माणसांनी दोर टाकले आणि गाय गेली. त्यांच्या धाकट्या मुलीने विचारले, "पप्पा, तिला कुठे नेली?" वडिलांनी चौकशी करून सांगितले की, आधी ढोर-डब्यात ठेवतात, आणि दंड भरून सोडवायला कोणी आले नाही तर पांजरपोळात धाडतात. मुलगी म्हणाली, "पांजरपोळ म्हणजे महानगरपालिकेचाच ना?" वडील म्हणाले, "नाही, तो धर्मादाय आहे, लोकांच्या देणग्यांवर चालतो." त्यावर ती म्हणाली, "म्हणजे पकडायची यांनी, आणि सांभाळायची दुसऱ्यांनी?"

या प्रश्नाला उत्तर सुचले नाही, असे वडील प्रांजळपणे लिहितात, आणि आम्हांला विचारतात की, जनावरे पकडण्याचे काम जर नगराचे, तर ती पोसण्याचेही काम नगराने आपल्याकडेच का घेऊ नये? पांजरपोळ महानगरपालिकेनेच का चालवू नये?

प्रश्न वाटतो तितका लहान नाही. सुरतेसारख्या शहरात तर तो मुळीच लहान नाही.

सुरत म्हटले की मराठी मनुष्याला प्रथम आठवते ती १६६४ सालची स्वारी. त्या स्वारीसंबंधी फ्रेंच प्रवासी बर्निये याने एक गोष्ट नमूद करून ठेवली आहे. शिवाजी महाराजांनी कॅपुचिन मिशनरी फादर अँब्रोज यांच्या मठाला धक्का लावू दिला नाही, हे आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ऐकले असेल. परंतु त्याच ठिकाणी बर्निये आणखी एका घराचा उल्लेख करतो. डच व्यापाऱ्यांचा एक हिंदू दलाल होता. तो तेव्हा हयात नव्हता. परंतु जिवंतपणी तो मोठा दानशूर होता असे कळल्यावरून त्याचेही घर सोडून देण्यात आले. लुटीच्या धामधुमीतही सुरतेत दानधर्माची अशी ओळख पटत असे, एवढेच आम्हांला येथे दाखवावयाचे आहे.

या दानधर्माचा एक मोठा ओघ मुक्या प्राण्यांकडे वाहत असे. १६८९ साली सुरतेस आलेला ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री गाई, घोडे, शेळ्या, कुत्री यांच्यासाठी चालविलेल्या रुग्णालयाचे वर्णन करतो. ढेकूण-पिसवांसाठीही वेगळी सोय असे, आणि त्यांना पोटभर मिळावे म्हणून एखाद्या गरीब माणसाला पैसे देऊन रात्रभर तेथे निजवीत, असेही तो सांगतो. हे वाचून हसू येते खरे. त्या गरीब माणसाची रात्र कशी गेली असेल हा विचार मनात आला म्हणजे ते हसू थोडे ओसरते. दया वाट चुकली की कोठे जाते याचा तो नमुना होय. परंतु त्या एका खोलीवरून सबंध संस्थेची पारख करणे न्यायाचे नाही.

कारण पुढच्या शतकात जेम्स फोर्ब्स हा कंपनी सरकारचा नोकर तेथे गेला, आणि त्याने जे पाहिले ते आमच्या मते फार मोलाचे आहे. उंच भिंतींनी वेढलेले विस्तीर्ण आवार, त्यात निरनिराळे चौक. घोडे, खेचरे, बैल, मेंढ्या, माकडे, कबुतरे. आणि ७५ वर्षे तेथेच राहिलेले एक म्हातारे कासव! जनावराचा मालक कोणत्या जातीचा, कोणत्या देशाचा, हे तेथे कोणी विचारीत नसे. पाय मोडलेला बैल कोणीही आणावा, त्याला दार उघडे होते. मात्र एक नियम होता. एकदा आत आलेले जनावर बरे झाले तरी मालकाला परत मिळत नसे. ते जन्मभर तेथेच राही, आणि ज्या म्हाताऱ्या व आजारी जनावरांना स्वतः पाण्यापर्यंत जाववत नसे त्यांच्यासाठी पाणी ओढण्याचे काम त्याला करावे लागे.

हा नियम ज्याने केला त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. पण तो मनुष्य शहाणा होता. मोफत औषधपाणी करून घेऊन बैल पुन्हा जोताला जुंपणाऱ्या लबाड मालकाला त्याने दाराबाहेर ठेवले, आणि धडधाकट झालेल्या बैलाला रिकामे न ठेवता दुबळ्यांच्या सेवेला लावले.

आता कोणी म्हणेल, ही झाली खाजगी दानाची गोष्ट. तिचा नगरपालिकेशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. अशा पांजरपोळांचा खर्च एखाद्या शेटजीच्या तिजोरीतून चालत नसे. व्यापाऱ्यांचे महाजन मालाच्या खरेदी-विक्रीवर पट्टी बसवीत. कापसाची गाठ विकली, साखरेचे पोते उतरले की त्यामागे ठरलेली रक्कम पांजरपोळाला जाई. न देणाऱ्याला बाजारात उभे राहणे कठीण होई. पट्टी बसविणे, ती वसूल करणे, तिचा हिशेब ठेवणे, आणि त्यातून गावाचे एक काम चालविणे, यालाच तर आपण आज नगराचा कारभार म्हणतो! सुरतेची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. तिच्या किती तरी आधी महाजनांनी नगरपालिकेचे एक खाते चालविले होते, फक्त त्याला नाव धर्माचे होते. तेव्हा नगराने पांजरपोळ हाती घेणे ही कल्पना ऐकून दचकण्याचे कारण नाही.

मुंबईचा पांजरपोळ आमच्या वाचकांना अधिक ओळखीचा. चेंबूरला बसने जाणाऱ्यांनी त्या नावाचा थांबा शेकडो वेळा ऐकला असेल. या संस्थेचा जन्म मात्र सरकारच्या एका कठोर हुकमातून झाला. मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम सुटला होता आणि प्रत्येक कुत्र्यामागे इनाम ठरले होते. इनामाच्या लोभाने शिपाई घरांत शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. १८३२ च्या जून महिन्यात पारशी समाज खवळून उठला, दुकाने बंद झाली, दंगा झाला, पलटण बोलवावी लागली. पुढे दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई व मोतीशेठ अमीचंद, म्हणजे एक पारशी व एक जैन, यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभा राहिला. खर्चासाठी पुन्हा तीच मालावरची पट्टी. येथे सरकारने मारावयाचे आणि लोकांनी वाचवावयाचे अशी वाटणी झाली. सुरतेच्या त्या लहान मुलीने जी वाटणी पाहिली ती हिच्याच कुळातली, जरा सौम्य.

आमच्या स्वतःच्या आठवणीत मात्र पांजरपोळ नाही, कोंडवाडा आहे. लहानपणी आमच्या गावाच्या वेशीवर चार भिंतींचा, बिनछपराचा एक कोंडवाडा होता. मे महिन्याचे दिवस होते. आमचा ढवळ्या बैल रात्री दावे तोडून शेजाऱ्यांच्या वांग्यांच्या वाफ्यात शिरला, आणि शेजाऱ्यांनी (त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणत नाही) त्याला कोंडवाड्यात घातला. वडील कामानिमित्त परगावी गेलेले. घरात दंडापुरते पैसे नव्हते. दुपारी आम्ही भिंतीच्या फटीतून पाहिले तर बैल जीभ बाहेर काढून उभा होता, आणि दगडी डोण कोरडी ठणठणीत होती.

आम्ही रडत घरी आलो. आजीने काही न बोलता विहिरीवरून कळशी भरली, डोक्यावर घेतली आणि ती निघाली. दाराशी शिपाई बसला होता. तो म्हणाला, "आजी, पाणी पाजायचा आम्हांला हुकूम नाय." आजी म्हणाली, "पाजू नको असा तरी हुकूम हाय का, बाबा?" तो बिचारा उठला आणि त्याने कडी काढली. त्या दुपारी आजीने आठ खेपा केल्या. आत केवळ आमचाच बैल नव्हता. दोन गाई व एक वासरू होते, कोणाचे ते आम्हांला आजही माहीत नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी गुरांच्या कोंडवाड्यांसंबंधीचा १८७१ सालचा कायदा आमच्या वाचनात आला. जनावर सुटेपर्यंत त्याला चारा व पाणी देणे हे कोंडवाडा राखणाऱ्याचे कर्तव्य आहे, असे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. म्हणजे हुकूम होता! तो शिपाई खोटे बोलत नव्हता. त्याच्यापर्यंत तो हुकूम पोहोचला नव्हता एवढेच. कागदावरून डोणीपर्यंत येण्यास त्या पाण्याला जवळजवळ शंभर वर्षे पुरली नव्हती.

पांजरपोळ नगराच्या हाती द्यावा की नाही, याचा विचार करताना ती कोरडी डोण आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नगरसंस्थेच्या हाताखाली दोन निरनिराळ्या वस्तू येऊ शकतात. कोंडवाडा हा जनावरामुळे माणसाला होणारा उपद्रव थांबविण्यासाठी असतो. तेथे जनावर म्हणजे मुद्देमाल. पांजरपोळ हा जनावरासाठी असतो. बाहेरून दोहोंच्या भिंती सारख्याच दिसतात. राज्यघटनेत १९९२ साली ७४ वी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे नगरसंस्थांकडे सोपविता येतील अशा १८ कामांची एक यादी घटनेला जोडली गेली. त्या यादीत कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध ही दोन कामे एकाच कलमात, एका ओळीत शेजारी शेजारी बसविली आहेत. ज्याने कोणी ती ओळ लिहिली त्याने कदाचित जागा वाचविण्यासाठी तसे केले असेल. पण आता ती ओळ तेथे आहे, आणि आमच्या नगरपिता-नगरमातांनी ती अर्धीच वाचू नये.

परदेशात याच वाटेने उलट दिशेला गेलेली एक संस्था आहे. न्यूयॉर्क शहरात हेन्री बर्ग नावाच्या गृहस्थाने १८६६ साली प्राणिदया मंडळी स्थापन केली. शहराने त्याला विचारले की, आमचा कुत्र्यांचा कोंडवाडा तुम्हीच का चालवीत नाही? बर्गने साफ नकार दिला. ज्या हातांनी जनावर सोडवावयाचे त्याच हातांनी शहराच्या पैशाने ते मारण्याची पाळी येईल, ही त्याची धास्ती होती. तो १८८८ साली वारला, आणि १८९४ साली त्याच्याच मंडळीने ते काम पत्करले. पुढची शंभर वर्षे ती ते काम करीत राहिली, आणि १९९४ च्या अखेरीस तिने ते सोडून दिले. हेतू चांगलाच होता. सरकारी शिपायांपेक्षा दयाळू माणसे हे काम बरे करतील, असा. तथापि ज्या शहराला जनावरे ठेवण्यास जागा द्यावयाची नाही, पैसाही पुरता द्यावयाचा नाही, त्या शहराचे काम दयाळू माणसाने केले तरी शेवट तोच होतो. मग लोकांचा रोष मात्र दयाळू माणसावर येतो, शहर नामानिराळे राहते.

म्हणून पांजरपोळाच्या दारावर पाटी कोणाची, एवढ्यावरच हा प्रश्न संपत नाही, हे आमच्या सुरतच्या मित्रांनी ध्यानात घ्यावे. दाराआड वैरण कोण भरतो, आणि ती रोज भरली जाते की नाही हे कोण पाहतो, हे प्रश्न त्याहून मोठे.

त्यांच्याच राज्यातले एक अलीकडचे उदाहरण घ्या. गुजरात सरकारने २०२२-२३ च्या अंदाजपत्रकात गोशाळा व पांजरपोळ यांच्यासाठी ५०० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. प्रत्येक जनावरामागे दिवसाला ३० रुपये द्यावयाचे होते. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे त्यांना ३० रुपयांत किती वैरण येते हे सांगण्याची गरज नाही. परंतु तेही वेळेवर हाती पडले नाहीत. विश्वस्त थकले, वैरणवाल्यांची उधारी चढली, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात उत्तर गुजरातेतील संस्थांनी आपल्या फाटकांची दारे उघडून हजारो गुरे बाहेर सोडली. ती थेट सरकारी कचेऱ्यांच्या आवारांत जाऊन उभी राहिली. जनावरांना ढाल करून केलेली ही निदर्शने आम्हांला आवडली असे म्हणता येत नाही. भुकेल्या गाईला निदर्शनाची काय कल्पना? पण त्या आवारांत गाई उभ्या राहिल्या तेव्हा मुलीचा तोच प्रश्न कचेरीच्या पायरीवर उभा होता.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. शहरांत गुरे पाळण्यास परवाना लागेल असा कायदा गुजरात विधानसभेने केला. मालधारी समाजाने त्याला कडाडून विरोध केला, राज्यपालांनी विधेयक परत पाठविले आणि सप्टेंबरात सरकारने ते मागे घेतले. मालधाऱ्यांचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नव्हते. ज्या गायरानांवर त्यांची गुरे चरत, त्यांवर शहर चढून बसले. आता गुरांनी जावे कोठे? हे दुःख आमच्या वसईकडच्या गावांना परके नाही. परंतु सकाळी घरी आणून धार काढावयाची आणि दिवसभर गाय रस्त्यावर सोडावयाची, ही चाल कोणत्याही समाजाची असो, तिला आम्ही गोपालन म्हणणार नाही. दूध घरचे आणि पोट गावाचे, हा व्यवहार झाला. नगर पांजरपोळ चालवील तेव्हा त्याने या माणसाला सर्वांत आधी विचारात घेतले पाहिजे. नाही तर सर्वांच्या कराचा पैसा त्याच्या गोठ्यात जाईल. सुरतेचा तो जुना नियम, बरे झालेले जनावर मालकाला परत न देण्याचा, यासाठीच आम्हांला इतका मोलाचा वाटतो.

आता हा प्रश्न टाळण्याची सोयही कोणा नगरसंस्थेला उरलेली नाही. मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लस टोचणे हे काम २००१ च्या नियमांनी आणि मग २०२३ च्या नव्या नियमांनी स्थानिक संस्थांच्या शिरावर टाकले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील सारी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. सबंध देशात वादळ उठले. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो आदेश बदलला आणि पिसाळलेली व अंगावर येणारी कुत्री वगळता बाकीची, निर्बीजीकरण व लस झाल्यावर, जेथून धरली तेथेच सोडावीत असे ठरविले. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतील कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचे, आणि महामार्गांवरील मोकाट गुरे उचलून गोशाळांत वा निवाऱ्यांत नेण्याचे फर्मान निघाले. ज्याच्या लेकराला कुत्रे चावले आहे त्या बापाला हे आदेश उशिरा आलेले वाटतील, आणि त्याची चूक नाही. रेबीज झालेला मनुष्य वाचत नाही. या एका सत्यापुढे कुत्र्यांवरचे आमचे सारे प्रेम नम्र झाले पाहिजे.

परंतु निवारा म्हटले की कोणीतरी तो चालवावा लागतो. एवढी जनावरे पांजरपोळांच्या देणगीपेटीतून पोसली जाणार नाहीत. एका समाजाने आपल्या धर्मभावनेने तीनशेहून अधिक वर्षे जे ओझे वाहिले ते सबंध नगराचे होते. त्या समाजाच्या दयेवर भार टाकून बाकीच्यांनी हात झटकून मोकळे व्हावे, हे आम्हांला लाजिरवाणे वाटते. सुरतेत मराठी कुटुंबे आहेत, ख्रिस्ती कुटुंबे आहेत, मुसलमान व पारशी आहेत; रस्त्यावरची गाय सर्वांच्या दुचाकीला आडवी येते, कुत्रे सर्वांच्या मुलांच्या मागे लागते. मग खर्चही सर्वांच्या घरपट्टीतून व्हावा. म्हणून आमच्या मित्रांच्या प्रश्नाला आमचे उत्तर होकारार्थी आहे. नगराने ही जबाबदारी घ्यावी. गुरांचा डॉक्टर पगारी असावा, वैरणीची रक्कम अंदाजपत्रकात दर वर्षी छापलेली असावी, आणि ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसावी.

हे काम नगरपालिकेला झेपणार नाही असे कोणी म्हणेल, तर सुरतेपुरते तरी आम्ही ते मान्य करणार नाही. १९९४ च्या सप्टेंबरात याच शहरात प्लेगची वार्ता पसरली आणि लाखो माणसे गाड्या भरभरून पळाली. आमच्या स्थानकांवर उतरलेली ती भेदरलेली कुटुंबे आम्हांला आठवतात. पुढच्या वर्षी एस. आर. राव हे आयुक्त म्हणून आले. अधिकारी रोज सकाळी कचेरीत न बसता गल्ल्यांत फिरू लागले, कचरा रोज उचलला जाऊ लागला, आणि दोन-तीन वर्षांत ते शहर स्वच्छतेसाठी देशभर नावाजले गेले. माणसे तीच होती, झाडूही तेच होते. साहेब स्वतः गल्लीत येऊन पाहत होता, एवढाच फरक.

पांजरपोळालाही हेच हवे. महानगरपालिकेने किल्ली घ्यावी, पण दाराला कुलूप घालू नये. तेथे विश्वस्तांच्या घरच्या ज्या वृद्ध बायका गूळ-पेंड घेऊन येत असतील, जे तरुण जखमी जनावराच्या पायाला पट्टी बांधावयास येत असतील, त्यांना "आता हे सरकारी झाले, आपली गरज नाही" असे कोणी सांगू नये. आमची भीती तेथेच आहे. घरपट्टी भरली की आपले कर्तव्य संपले असे माणसाला वाटू लागते, आणि सरकारला वाटते की आता आत काय चालले आहे ते पाहण्याचा कोणाला अधिकार नाही. या दोहोंच्या मध्ये डोण कोरडी पडते. कोंडवाड्याचे दार त्या दुपारी उघडले, याचे कारण तेथे एक शिपाई होता व एक आजी होती. नुसता शिपाई असता तर ते उघडले नसते. आणि खरे सांगावयाचे तर नुसत्या आजीच्या आठ कळशांवर रोजचा कोंडवाडा चालला नसता.

हे लिहीत असताना आपल्या घराकडेही पाहावे लागते. आमच्या देवळाच्या फाटकाशी पहाटेच्या अंधारात कुत्र्यामांजरांच्या पिल्लांची खोकी ठेवून जाणारे कोण असतात, ते आम्ही विचारीत नाही. पहिल्या मिसेला येणाऱ्या आयाबायांना ती दिसतात, त्या दूध आणतात, आणि पाद्रीबाबांना दिवसभर दारोदार विचारीत फिरावे लागते. पेरू देशातील लिमा शहरी संत मार्टिन द पोरेस यांच्या मठात आजारी कुत्र्यामांजरांना जागा मिळेना, तेव्हा त्यांनी ती आपल्या बहिणीच्या घरी नेऊन ठेवली, अशी आख्यायिका आहे. बहिणीची कोणी संत म्हणून गणना केली नाही. पण घाण कोणी काढली असेल याचा विचार केला म्हणजे आम्हांला तिचीच आठवण अधिक येते.

सुरतच्या आमच्या मित्रांना आम्ही वेगळे पत्र लिहिलेच आहे. त्यात असे सुचविले आहे की, एखाद्या रविवारी दुपारी त्यांनी मुलीला घेऊन पांजरपोळात जावे, तेथील व्यवस्थापकांची रीतसर परवानगी घ्यावी, आणि ती गाय तेथे पोहोचली आहे का ते पाहावे. न सापडल्यास ढोर-डब्याच्या कचेरीत जाऊन नोंदवही दाखविण्याची विनंती करावी. कर भरणाऱ्या नागरिकाला तेवढे विचारण्याचा हक्क आहे. जाताना पेंडीची एक लहान पिशवी न्यावी. पाण्याचा हौद भरलेला आहे की नाही, हे मात्र मुलीलाच पाहू द्यावे. मुलांच्या नजरेतून असे काही सुटत नाही. त्यांचे उत्तर आले म्हणजे याच सदरात देऊ.